जमनायाडीची डब्बी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला मला आयुष्यात कधीच वेळेवर जमलं नाही. पण लिहायला बसले की गेल्या उन्हाळ्यातला एक फोन आठवतो आणि गमतीजमती मागे पडतात. ज्यांना हलकंफुलकंच हवं असेल त्यांनी खुशाल पुढचं पान उलटावं. मी रागावणार नाही.

तो फोन फुलसावंगीच्या पलीकडल्या एका तांड्यावरून आला होता. कुणाच्या तरी मोबाइलवरून एक म्हातारी बाई ओरडून बोलत होती.

"बाई, मी जमना. प्रल्हादची याडी. डब्बी बोलून नाही राह्यली."

"बंद पडलीय का?"

"चालू हाय. लाईट हाय. पण बटन दाबलं का टूं टूं करते अन् बसते. माह्या पल्याचा आवाज नाही येत. तुम्ही या अन् नीट करून द्या."

ती टूं टूं मीच ठरवलेली होती. तिचा अर्थ असा, की कोणता निरोप हवा आहे ते डब्बीला माहीत आहे, पण तो कुठंच सापडत नाही. पल्या म्हणजे प्रल्हाद राठोड, माझा कामातला जोडीदार. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेला त्या दिवशी त्यानं घराकडे निघताना आईला एक निरोप पाठवला होता, आणि जमनायाडी रोज दिवेलागणीला बटण दाबून तो ऐकत असे. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. आता ते बटण दाबून काही होत नव्हतं. तिला वाटलं डब्बी बिघडली. डब्बी ठणठणीत होती, बिघडलं होतं ते सगळं डब्बीच्या बाहेर, आणि ते मी फोनवर तिला कसं सांगणार होते?

तर आधी माझा धंदा सांगते. तो मला माझ्या सख्ख्या मावशीलाही कधी नीट सांगता आला नाही. लग्नकार्यात ती माझी ओळख "ही कम्प्युटरच्या वायरी जोडते" अशी करून द्यायची. वायरी मी कधीच जोडल्या नाहीत. वायरी, टॉवर, केबल हे दुसरे लोक टाकतात, त्याच्यावर नाती जोडायचं काम माझं. यवतमाळहून उमरखेडला जाणारी एसटी आर्णी, महागाव अशीच जाते, रस्ता ठरलेला आहे. पण तुमचा मामा उमरखेडला असेल आणि शेजारच्या घराशी तुमचं बोलणं नसेल, तर तुमच्या घरातली बातमी आधी उमरखेडला पोचते. रस्ता वेगळा आणि नातं वेगळं. संगणकांमध्ये असं रस्त्यांच्या वरचं नात्यांचं जाळं विणतात, त्याला आमच्याकडे ओव्हरले नेटवर्क म्हणतात. ते कुणी वरून हुकूम न देता यंत्रांनी आपापसात विणायचं, फाटलं तर आपणच सांधायचं. त्यासाठीचे नियम लिहून देणं ही माझी भाकरी.

नियम ऐकायला सोपे आहेत. प्रत्येक यंत्रानं ओळखीची थोडी यंत्रं धरून ठेवायची. अधूनमधून त्यांना विचारायचं, "आहेस का?" त्यांनी म्हणायचं, "आहे." पुन्हा पुन्हा विचारून उत्तर आलं नाही की तो सोबती गेला असं धरायचं, त्याचं नाव काढून टाकायचं आणि उरलेल्यांकडे चौकशी करून नवा सोबती शोधायचा. यात मुख्य कुणी नाही, साहेब कुणी नाही. माझे वडील कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. साहेब रजेवर गेले की सगळ्या फायली कशा ताटकळतात हे मी लहानपणापासून जेवताना ऐकलेलं. त्यामुळे साहेब नसलेल्या जाळ्याचं मला पहिल्यापासून कौतुक होतं.

पुण्यात मी हे काम बड्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी केलं. ती थंडगार खोल्यांत असायची आणि त्यांच्यावरून कोण काय बोलतं ते मला कधी कळलं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वडिलांच्या आजारपणात यवतमाळला परत आले, आणि एका संस्थेनं विचारलं, की महागाव-उमरखेडकडच्या डोंगरवळणांत, जिथं टेकाडावर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथं माणसांना एकमेकांशी बोलता येईल असं काही कराल का. मी हो म्हटलं. (वर लिहिलंच आहे.)

त्यातून डब्बी आली. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर एक अँटेना, पुढं दोन बटणं. एक बोलायचं, एक ऐकायचं. डब्बीला दुसरी डब्बी टप्प्यात दिसली तर ती थेट तिच्याशी बोले. जिथं एखाद्या दुकानात किंवा शाळेत इंटरनेट असे तिथून पुढं जाई. पोरांच्या मोबाइलमध्येही आम्ही तोच प्रोग्राम टाकला, म्हणजे तेही जाळ्यात आले. तुम्ही निरोप बोलायचा, तो जाळ्यात जायचा, समोरच्यानं त्याला सवड होईल तेव्हा ऐकायचा.

प्रल्हाद मला या कामातच भेटला. पुसदला डिप्लोमा केलेला, रंगानं काळाभोर, हसला की सगळे दात दिसायचे. माझ्या इंग्रजी शब्दांना तो कंटाळायचा. मी एकदा फळ्यावर आकृत्या काढून तासभर समजावलं, तर म्हणाला, "मॅडम, हे सारं ठीक हाय. पण आमच्या तांड्यावर छत पत्र्याचं हाय, अन् पत्र्यावर माकड नाचते. अँटेना टिकन का, ते सांगा." अँटेना पहिल्याच आठवड्यात माकडांनी वाकवली. मग त्यानं ती बाभळीच्या काट्यांनी गुंडाळायची युक्ती काढली आणि पुढं सगळीकडे तीच चालली.

गिऱ्हाइकंही एकेक होती. फुलसावंगीचे दादाराव मास्तर, निवृत्त शिक्षक. डब्बी वीज खाते अशी त्यांची खात्री. म्हणून काही बोलायचं असलं की डब्बी चालू करायची, बोलून झालं की प्लग काढून कपाटात. आणि वर तक्रार, की आपल्याला कुणाचा निरोप येत नाही. प्रल्हाद त्यांना समजावून थकला. "मास्तर, बोलाच्या टायमाले चालू, ऐकाच्या टायमाले बंद, मंग निरोप काय कपाटात घुसन?" आपल्या कामापुरतं जाळ्यात येऊन दुसऱ्यांसाठी जागं न राहणाऱ्या सोबत्याला आमच्या धंद्यात फुकट्या म्हणतात, आणि प्रत्येक जाळ्यात तो असतोच.

याच मास्तरांमुळे एक मोठा नियम आला. त्यांना कुणी तरी सांगितलं, की आपला निरोप दुसऱ्यांच्या डब्ब्यांत साठतो. ते तडक आमच्यापुढं उभे. "माह्या घरातलं बोलणं शेजारच्या गोठ्याच्या मालकाच्या घरात कायले पाह्यजे?" म्हणणं अगदी रास्त होतं. मग आम्ही प्रत्येक निरोपाचे तीन तुकडे करायला लागलो. एक तुकडा एकीकडे, दुसरा दुसरीकडे, तिसरा तिसरीकडे, आणि प्रत्येकाच्या थोड्या जास्तीच्या प्रती आणखी कुठं कुठं. कोणता तुकडा कुणाकडे जाणार याचं गणित ठरलेलं. ऐकायचं बटण दाबलं की तुकडे गोळा व्हायचे आणि सलग आवाज यायचा. पूर्ण निरोप कुणाच्याच घरात नाही. मास्तर खूश झाले आणि डब्बी पुन्हा कपाटात ठेवली.

दुसरं टोक म्हणजे उमरखेडचे जब्बारभाई. त्यांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान, त्यामुळे वीज गेली तरी त्यांची डब्बी जागी. दुकान बंद असलं तरी चालू, ईदला चालू. "अल्ला कसम मॅडम, एक दिन बंद नहीं की," हे ते दर भेटीला सांगायचे आणि ते खरं असायचं. मास्तरांची आणि त्यांची डब्बी आम्ही एकाच दिवशी बसवली होती.

आता आमची फजिती सांगते. सोबती निवडताना डब्बीनं काय पाहावं? जो लवकर उत्तर देतो तो चांगला, असा नियम मी लिहिला. जगभर तोच लिहितात. लवकर उत्तर कोण देणार, तर जवळचा. तांड्यावरच्या डब्ब्यांनी तांड्यावरच्याच डब्ब्या धरल्या, आणि निरोपांच्या जास्तीच्या प्रतीही एकमेकींकडेच ठेवल्या. निरोप भराभर पोचत होते. आम्ही दोघं स्वतःवर बेहद्द खूश.

दसरा झाला आणि मुकादमाचे ट्रक आले. तांड्यावरची कर्ती माणसं ऊसतोडीला निघाली. घर सोडताना तिथं एक रीत आहे. चूल विझवायची, मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं आणि किल्ली मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाती द्यायची. ट्रक हलायच्या आत घरोघरचे मेन स्विच एकापाठोपाठ एक पडले, आणि त्यांच्यासोबत डब्ब्याही. आमच्या शास्त्रात यंत्रं मरतात ती सुटी सुटी. आज ही, महिन्यानं ती. सगळी एकाच सकाळी उठून ट्रकमध्ये बसून निघून जातात असं कुणी धरलेलं नसतं.

उरल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरच्या चार डब्ब्या. त्या एकमेकींना विचारायच्या, आहेस का, आणि म्हणायच्या, आहे. बाहेरची ओळख त्यांना राहिलीच नव्हती. तेवढंच जग आहे अशी त्यांची समजूत झाली. लाल दिवा नाही, घंटा नाही, यवतमाळला माझ्या पडद्यावरून गेलेल्यांची नावंच निघालेली, उरलेलं सगळं हिरवं. आईबापांनी जाताना लेकरांसाठी बोलून ठेवलेले निरोप कुलपाआड अडकले, आणि उसाच्या फडावरून कुणी काही पाठवलं तर ते तांड्यापर्यंत येईना. जमनायाडीनंच शेवटी प्रल्हादला विचारलं, "उसावरून कोनाचाच निरोप काहून नाही येत रे? सारे मेले का?"

मी प्रल्हादवर चिडले. तू त्याच तांड्याचा, तुला कसं सुचलं नाही? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बिघाडाची यादी विचारली होती. वीज जाणं, माकड, उंदीर, पाऊस, मी सारं सांगतलं. उसाले जाणं हा बिघाड हाय, असं मले कधी वाटलंच नाही. दर साली जाते लोकं. मीबी लहानपणी गेलतो."

उपायही त्यानंच बोलता बोलता काढला. "आमच्या तांड्यात सारे भाऊबंद हाय. तांड्यातल्या तांड्यात सोयरीक होत नाही, पोरगी दूरच द्या लागते. डब्बीलेही तोच कायदा लावा." आम्ही लावला. प्रत्येक डब्बीनं एक तरी दूरचा सोबती धरायचाच. तो कितीही सावकाश बोलो, त्याला सोडायचं नाही, आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवायची. प्रोग्राममध्ये त्या नियमाचं नाव आम्ही 'सोयरा' असं ठेवलं. तांड्याचे सोयरे झाले जब्बारभाई, दादाराव मास्तर (कपाटासकट) आणि यवतमाळला माझ्या खिडकीतली डब्बी. पुढल्या वर्षी ट्रक गेले तेव्हा सोलापूरकडच्या फडावरून एका बाईनं लेकीला अंगाई म्हणून पाठवली आणि ती तांड्यावर ऐकू आली. माझ्या सबंध नोकरीत मला याहून मोठं काही मिळालं नाही.

प्रल्हाद गेला ती संध्याकाळ मात्र सांगायला नको वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो जब्बारभाईंच्या दुकानातलं काम आटपून मोटरसायकलनं तांड्याकडे निघाला होता. निघताना आईला निरोप बोलला. वाटेत रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे रस्त्यावर ती नेहमीची. मी यवतमाळला पडद्यासमोर होते. प्रल्हादचा फोन हाही जाळ्यातलाच एक सोबती. त्याचं नाव फिकं झालं, मग गेलं, आणि त्याला धरून असलेल्या डब्ब्यांनी लगेच एकमेकींना धरलं. फाटलं कधी आणि शिवलं कधी, कळलंसुद्धा नाही. मला वाटलं त्याची रेंज गेली. किती सुरेख सांधलं आपलं जाळं, असं मनात येऊन मी चहा करायला उठले. थोड्या वेळानं उमरखेडहून फोन आला. कुणी गेलं तरी अडू नये असं यंत्र मी जन्मभर बनवत होते, आणि ते अगदी तसंच चाललं होतं.

त्याच्यानंतर काम थोडी वर्षं रेटलं. मग फुलसावंगीकडे टॉवर उभा राहिला, हातोहाती मोबाइल आले. गरज सरो नि वैद्य मरो. संस्थेनं गाशा गुंडाळला. डब्ब्यांचे प्लग निघाले आणि तिथं मोबाइल चार्जिंगला लागले. काही डब्ब्या भंगारात गेल्या, एकीच्या खोक्यात लसूण ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला. मला कुणावर राग नाही, मोबाइल चांगलाच आहे. मी निवृत्त झाले. खिडकीतली डब्बी तेवढी चालू ठेवली. का ठेवली ते विचारू नका.

जाळं मात्र शेवटपर्यंत इमानानं सांधत राहिलं. एक डब्बी गेली की उरलेल्या हात धरायच्या. तुकड्यांच्या प्रती आहेत त्यांच्यात वाटून घ्यायच्या. पण प्रती ठेवायला डब्ब्याच उरल्या नाहीत, आणि एक दिवस जमनायाडीच्या डब्बीनं टूं टूं केलं.

फोन ठेवला आणि मी गणित मांडलं. त्या निरोपाचा शेवटचा तुकडा माझ्याच खिडकीत होता. पहिला असायला हवा होता मास्तरांकडे. मधला जब्बारभाईंकडे. मला हायसं वाटलं. जब्बारभाईंची डब्बी कधी बंद नसते. भीती होती ती मास्तरांची.

माझी डब्बी पिशवीत घालून मी एसटीनं महागाव आणि तिथून फुलसावंगी गाठली. मास्तर आता पार वाकले होते, पण मला ओळखलं.

"काय जी मॅडम, अजून हाय का तुमचं ते जाळं? मले तर कधी कोनाचा निरोप आला नाही."

"मास्तर, तुमची डब्बी कुठं आहे?"

"कुठं म्हंजे? कपाटात."

कपाटात होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली, नवीकोरी. मी तिला वीज दिली, तर ती जागी झाली आणि अंग झाडून विचारायला लागली, कुणी आहे का. पिशवीतल्या माझ्या डब्बीनं सांगितलं, आहे. पहिला तुकडा तिच्यात जसाच्या तसा होता. मी मास्तरांच्या पाया पडले. ते गोंधळून गेले. "अव्हो, वीज वाचवली म्हनून कोनी पाया पडते काय?" पण त्यांचा चेहरा उजळला होता.

उमरखेडला जब्बारभाई दुकानातच होते. दाढी पांढरी झालेली. डब्बी त्याच फळीवर, दिवा चालू, वरची धूळ रोज पुसलेली दिसत होती.

"अल्ला कसम मॅडम, एक दिन..."

"माहीत आहे, जब्बारभाई."

मी डब्बी उघडून आत पाहिलं. जुन्या निरोपांची जागा कोरी होती. नुसता प्रल्हादचाच नाही, कुणाचाच तुकडा नव्हता. डब्बीतल्या साठवणीच्या चिपवर लिहून लिहून ती झिजते, हे आम्हा लोकांना ठाऊक असतं. जी डब्बी कधी झोपली नाही तिनं सगळ्यांचे तुकडे सांभाळले, एकाचे दुसऱ्याला दिले, दुसऱ्याचे घेतले, आणि त्यातच तिची चिप संपली. आहेस का म्हटलं की आहे म्हणत होती, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कंजुषाच्या कपाटातली शाबूत राहिली आणि ही रिकामी झाली. मला इतका संताप आला, की फळीवर डोकं आपटावंसं वाटलं.

जब्बारभाई माझ्या तोंडाकडे पाहत होते. "क्या हुआ? गडबड है का काही?"

त्यांना मी खरं सांगितलं नाही. डब्बी ठीक आहे म्हटलं. ते म्हणाले, "प्रल्हादभाई बोलून गेला होता, जब्बारभाई, हिले बंद करू नका. त्याचा आखरी शब्द तोच माझ्याजवळ." मी चहा घेतला आणि निघाले.

तांड्यावर पोचले तेव्हा जमनायाडी दारातच बसली होती. हातावर गोंदण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पाय सुजलेले. तिच्या पुढं मी दोन्ही तुकडे तिच्याच डब्बीत भरले. हे सगळं एखाद्या मोबाइलमध्येही घालता आलं असतं. मी विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. "पल्या डब्बीतून बोलते. मोबाइलात तर सारे बोलते." मग मी तिला सांगितलं, की सुरुवात मिळाली, शेवट मिळाला, मधलं हरवलं. तिथं थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही.

"मधलं कुठं गेलं?"

"गेलं, याडी. आता मिळणार नाही."

तिनं बटण दाबलं. प्रल्हाद आपल्या बोलीत बोलायला लागला. एवढ्या वर्षांत मला ती बोली कामापुरती कळायला लागली होती, इथं मराठी करून लिहिते. "याडी, उमरखेडवरून निघालो. जब्बारभाईची डब्बी नीट झाली." आणि आवाज तुटला.

मी खाली पाहत बसले होते. तर त्या शांततेत जमनायाडी बोलली. त्याच चालीवर, त्याच्याच घाईनं, त्याच बोलीत. "जेवाले थांबू नको. भाकर झाकून ठेव, मी गरम करून घेतो." तिचं वाक्य संपलं आणि त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. "अन् मेन स्विच पाडू नको. उंदरानं वायर खाल्ली तर राहू दे, मी आल्यावर पाहतो."

एवढाच निरोप. तो तिनं इतक्यांदा ऐकला होता, की मधली जागा किती आहे तेही तिला बरोबर ठाऊक होतं. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. तिनं मला पाणी दिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

त्यानंतर मी दर महिन्या-दोन महिन्यांनी तांड्यावर जाते. जाळं म्हणावं असं आता काही नाही. मास्तरांची डब्बी पुन्हा कपाटात गेली. जब्बारभाईंची नुसती हो ला हो म्हणते. माझ्या खिडकीतली आणि जमनायाडीची, अशा दोघीच खऱ्या उरल्यात. दर खेपेला याडी मला निरोप ऐकवते आणि मधल्या जागेत बोलते.

पावसाळ्यात गेले तेव्हा तिथं भाकर नव्हती, कढी होती. "कढी ठेव, याडी." मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. पोळ्याला गेले तेव्हा कढीही नव्हती. परवा, ट्रक जायच्या आधी, पुन्हा गेले. ती आता फार थकली आहे. प्रल्हाद म्हणाला, जब्बारभाईची डब्बी नीट झाली. मग तिनं त्या जागेत म्हटलं, "याडी, तुये पाय लय दुखते का? आज तेल लावून देतो." मग तो म्हणाला, मेन स्विच पाडू नको.

आमच्याकडे तीन प्रती तीन गोष्टी सांगायला लागल्या, तर बाकीच्यांना विचारून खरी कोणती ते ठरवतात. इथं विचारायला कुणी नाही. त्यानं भाकर म्हटलं होतं की कढी, की आईचे पाय दुखतात हे त्या दिवशी त्याच्या खरंच मनात आलं होतं, हे आता कधीच कळायचं नाही.

निघताना तिनं माझा हात धरला. बाहेर ट्रकमध्ये सामान चढत होतं, घरोघरचे मेन स्विच पडत होते. तिच्या डब्बीचा दिवा तेवढा भिंतीवर लागलेला होता.

"बाई, साऱ्याइच्या डब्ब्या गेल्या," ती म्हणाली. "तुमची चालू हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.